क्रेडिट कार्डाची बाकी आणि तिच्यावरचे व्याज : गोव्यातील वाचकांचे अनुभव

म्हापसा, पतसंस्थेतून निवृत्त

मी ३० वर्षे एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम केले आणि शेजारपाजारचे लोक अजूनही सल्ल्याला येतात. अलीकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना क्रेडिट कार्डाची बाकी फेडण्यासाठीच कर्ज हवे असते, पण व्याज कोणत्या दिवसापासून आणि कशावर लागले, हे त्यांना सांगता येत नाही. त्यात त्यांचा दोष मी मानत नाही, कारण बिलावर किमान देय रक्कम ठळक दिसते आणि व्याजाची रीत बारीक अक्षरांत असते. ज्यांना हा भुर्दंड पडला आहे, त्यांनी आपला अनुभव येथे आकड्यांसह लिहावा, अशी विनंती आहे. बँकेचे नाव नको. दर, तारखा आणि रकमा मात्र अवश्य लिहाव्यात.

फोंडा, शिक्षिका

चवथीला सगळे कुटुंब आमच्याकडे जमते, म्हणून ५ ऑगस्टला मी ३०,००० रुपयांचा फ्रीज कार्डावर घेतला. २० ऑगस्टला बिल आले. देय तारीख १० सप्टेंबर आणि किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे १,५०० रुपये. सणाचा खर्च झालेला असल्याने मी तेवढेच भरले आणि राहिलेल्या २८,५०० रुपयांवर १० सप्टेंबरपासून व्याज लागेल असे गृहीत धरले. प्रत्यक्षात पूर्ण रक्कम न भरल्यामुळे खरेदीपासून देय तारखेपर्यंत मिळणारी बिनव्याजी मुदतच रद्द झाली आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजले गेले.

दर महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. मी वहीत मांडून पाहिले : २८,५०० रुपयांवर ५ ऑगस्ट ते २० सप्टेंबर या ४६ दिवसांचे व्याज १,५०८ रुपये ५५ पैसे होते, त्यावर १८ टक्के जीएसटी २७१ रुपये ५४ पैसे. दीड हजार भरूनही पुढच्या बिलात मी ३०,२८० रुपये देणे लागत होते, म्हणजे फ्रीजच्या किमतीपेक्षा जास्त. वर्गात मुलांना सरळव्याज शिकवणाऱ्या मला ही बेरीज तीनदा तपासावी लागली.

कळंगुट, टॅक्सी व्यावसायिक

आमच्या धंद्यात जून ते सप्टेंबर भाडी फारच कमी मिळतात. त्या काळात माझ्या कार्डावर १८,००० रुपयांची बाकी राहिली होती. हंगाम सुरू होण्यापूर्वी गाडीचे चारही टायर बदलायचे होते, तेव्हा बिल निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी खरेदी केली की जवळजवळ ५० दिवस व्याज लागत नाही, हे ऐकून मी १६,००० रुपयांचे टायर कार्डावर घेतले. हा हिशोब ज्याची मागची बाकी शून्य आहे त्याच्यासाठीच खरा असतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. मागची बाकी उरली असेल तर नव्या खरेदीलाही मुदत मिळत नाही. टायरच्या रकमेवर पहिल्या दिवसापासून व्याज चढले आणि ३० दिवसांचेच ५५२ रुपये झाले. डिझेलही मी त्याच कार्डावर भरत होतो.

सांखळी, ट्रकमालक

मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे खाणी बंद झाल्या आणि माझे दोन ट्रक दारात उभे राहिले. ट्रकच्या कर्जाचा हप्ता चुकू नये म्हणून मी कार्डावर एटीएममधून ४०,००० रुपये रोख काढले. रोख रकमेला बिनव्याजी मुदत मुळीच नसते. काढतानाच अडीच टक्के शुल्क, म्हणजे १,००० रुपये आणि त्यावर १८० रुपये कर. शिवाय त्याच दिवसापासून व्याज सुरू. एका महिन्यात व्याज आणि त्यावरचा कर मिळून १,६३० रुपये झाले, म्हणजे पहिल्याच महिन्यात एकूण २,८१० रुपये गेले. घरात मंगळसूत्र होते आणि ते सोनेतारण ठेवले असते तर व्याज बरेच कमी पडले असते; परंतु बायकोकडे ते मागण्याचा धीर मला झाला नाही. त्या वेळी तिच्याशी बोललो असतो तर बरे झाले असते, असे आजही वाटते.

मडगाव, गृहिणी

आम्ही ५२,००० रुपयांची जुनी बाकी देय तारखेला पूर्ण फेडली, तरी पुढच्या बिलात १,१९७ रुपये व्याज आणि वर कर आला. बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या २० दिवसांचे ते व्याज होते. फेडण्याआधी फोन करून त्या दिवसापर्यंतची पूर्ण रक्कम विचारून घ्यावी.

पणजी, वकील

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या बाकीवर वर्षाला ३० टक्क्यांवरील व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. त्यामुळे केवळ दर जास्त आहे, या कारणावर आता फारसे हाती लागणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांचा उपयोग मात्र होतो. देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय लेट फी लावता येत नाही, आणि न भरलेले शुल्क किंवा कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज आकारता येत नाही. माझ्या एका अशिलाच्या बिलात नेमके हेच झाले होते आणि लेखी तक्रारीनंतर रक्कम परत मिळाली. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

म्हापसा, पतसंस्थेतून निवृत्त

फोंड्याच्या बाईंना माझे सांगणे आहे की, त्यांनी आधी कार्डावरची नवी खरेदी थांबवावी आणि पतसंस्थेचे कर्ज काढून ही बाकी एकरकमी फेडावी. पतसंस्थेचा दर १२ टक्के धरला, तरी जिथे कार्ड महिन्याला हजारामागे ३५ रुपये घेते तिथे १० रुपये पडतील.

फोंडा, शिक्षिका

तसेच केले. शिवाय बिलाची तारीख बदलून मागण्याचा हक्क कार्डधारकाला आहे, असे कळल्यावर मी तसा अर्ज दिला. आता देय तारीख पगार झाल्यानंतरच्या आठवड्यात येते आणि पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती होते. तो ऑटोपे लावताना पडद्यावर किमान रकमेचा पर्याय आधीच निवडलेला होता. तो बदलून पूर्ण रकमेवर खूण करावी लागली.