मदत हवी आहे : कॅज्युअल्टीत सेप्सिस वेळेत ओळखला जात नाही

कृष्णाकाठ
आम्ही सांगली जिल्ह्यातील एका रुग्णालयात सेप्सिस (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणे) ओळखण्यासाठी क्यूसोफा (श्वसन, रक्तदाब आणि शुद्ध यांना गुण देणारी चाळणी) सुरू केला आहे, तरीही रुग्ण निसटतात. मागच्या आठवड्यात ऊसतोडीला आलेल्या एका बाईंना ताप नाही म्हणून बाकावर बसवून ठेवले आणि दोन तासांनी त्यांचे बीपी लागेनासे झाले. त्या वाचल्या, पण अशी वेळ पुन्हा यायला नको. क्यूसोफाऐवजी काय वापरावे? लवकर सांगावे.

घाटमाथा
न्यूज-2 लावा, म्हणजे श्वसन, नाडी, ताप अशा सात नोंदींना गुण देऊन बेरीज करायची. 5 गुण झाले की डॉक्टरांनी तातडीने पाहायचे, 7 झाले की आणीबाणी समजायची. एकट्या क्यूसोफावर चाळणी करू नये, असे सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या 2021 च्या उपचार-सूचनांतही आहे.

माणदेशी
सात नोंदींची बेरीज गर्दीत कोण करणार? क्यूसोफाला तीनच गोष्टी लागतात. तो सोपा आहे, म्हणून निदान भरला तरी जातो.

घाटमाथा
भरला जातो, पण रुग्ण सापडत नाही. धागा त्यासाठीच आहे ना?

रानवाट
पावसाळ्यानंतरच्या तापात काखेत, जांघेत काळी खपली शोधावी. स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) असेल, तर त्यावरचे अँटिबायोटिक डॉक्सिसायक्लिन लांबवू नये.

कृष्णाकाठ
धन्यवाद, पण त्या बाईंना ताप नव्हता आणि प्रश्न पहिल्या पाच मिनिटांचा आहे.

निवृत्त परिचारिका
नोंदी कोण घेते, हे तुम्ही लिहिलेलेच नाही. साधन बदलण्याआधी, अखेरचे निदान सेप्सिस असलेल्या रुग्णांचे पहिले केसपेपर काढा, दारात आल्यापासून पहिल्या अँटिबायोटिकपर्यंत किती वेळ गेला ते मांडा, आणि श्वसनाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहा. शॉकमधल्या, म्हणजे रक्तदाब फार घसरलेल्या रुग्णाला ते औषध तासाभरात मिळायला हवे.

कृष्णाकाठ
नोंदी प्रशिक्षणार्थी मुली घेतात. हे आधीच लिहायला हवे होते. काल रात्री केसपेपर घेऊन बसलो. त्या बाईंच्या कागदावर श्वसन मिनिटाला 20 आहे, आणि त्याआधीच्या व नंतरच्या कागदांवरही तेच, एकाच निळ्या शाईत. क्यूसोफात 22 पासून गुण मिळतो, न्यूज-2 मध्ये 21 पासून. म्हणजे आपण दोघांपैकी कोणतेही साधन घेतले असते, तरी श्वसनाचा गुण शून्यच आला असता.

निवृत्त परिचारिका
नाडी धरल्यासारखा हात मनगटावर ठेवून, रुग्णाला न सांगता, छातीकडे पाहत पूर्ण 1 मिनिट मोजायला शिकवा. सांगितले की माणूस श्वास बदलतो.

कृष्णाकाठ
नोंदीच्या टेबलासमोर सेकंदकाट्याचे घड्याळ आजच लावून घेतो. रात्रपाळीला एकच सिस्टर असताना हे मिनिट कोणी पाळून दाखवले असेल, तर कसे ते जरूर लिहावे.