मदत हवी आहे: डोकं खाली केल्यावर पेशंट घसरू नये म्हणून काय वापरता?

दुर्बिणीतून गर्भाशय काढताना लिथॉटॉमी (पाय वर आणि फाकवून ठेवणं) आणि २५-३० अंश ट्रेंडेलेनबर्ग (टेबल डोक्याकडे खाली झुकवणं) लागतं. वजनदार पेशंट असली की ती टेबलावर डोक्याकडे सरकते. खांद्याचे ब्रेस (खांदे अडवणारे आधार) लावायचे नाहीत, कारण सगळं वजन तिथे पेलतं आणि ब्रेकियल प्लेक्सस (हाताच्या नसांचं जाळं) ताणला किंवा दाबला जातो. हात बाजूला पसरलेला असेल तर धोका आणखी वाढतो.

सध्याची पद्धत अशी: उघड्या पाठीखाली थेट फोम, मध्ये चादर नाही. हात अंगालगत, अंगठा वर, कोपराला पॅड. बूट स्टिरपमध्ये (पाय धरणारा बुटासारखा आधार) टाच पक्की, नडगीच्या बाहेरच्या हाडाशी दाब नाही, मांडी पोटाकडे फार वाकवलेली नाही. पेशंट सरकली की हेच सगळं बिघडतं: मांडी जास्त दुमडली तर फिमोरल नर्व्ह (मांडीची नस) जांघेतल्या इंग्विनल लिगामेंटखाली दाबली जाते, पोर्टच्या (पोटावर दुर्बीण-हत्यारं घालायची छिद्रं) जागीही ताण येतो.

भूल देणाऱ्यांची अडचण वेगळी. पोटात गॅस भरून डोकं खाली केलं की डायफ्राम आणि कॅरिना (श्वासनलिका दुभागते ती जागा) डोक्याकडे सरकतात, श्वासाची ट्यूब उजव्या ब्राँकसमध्ये (उजव्या फुफ्फुसाच्या नळीत) जाऊ शकते. म्हणून पोझिशन दिल्यावर छाती पुन्हा ऐकायचीच.

विचारायचं आहे ते हे:

फोम की जेल मॅट, जास्त वजनाला खरोखर काय टिकतं? छातीवरून आडवा पट्टा बांधता का, आणि त्याने एअरवे प्रेशर (श्वास देताना लागणारा दाब) किती वाढतं? चार तासांच्या वर केस गेली, तर पोटरीत कंपार्टमेंट सिंड्रोम (स्नायूंत दाब वाढून रक्तपुरवठा अडणं) होऊ नये म्हणून पाय मध्येच खाली घेता का? किती वेळाने? रोबोट डॉक (त्याचे हात पोर्टना जोडलेले) असताना ते कसं जमवता?