शाळा तपासणीत मास्तरांवरचं ओझं कोण बघणार?

गुरुजी_माणदेश: आमची दोन शिक्षकी झेडपी शाळा, पहिली ते पाचवी. परवा तपासणी झाली. पाठांचं टाचण बघितलं, पोषण आहाराचा तांदूळ रजिस्टरशी जुळवला, पोरांकडून वाचून घेतलं, सगळं ठीक. पण दोघांत पाच वर्ग कसे ओढता आणि त्यातला एकजण बीएलओ म्हणून मतदार याद्या घेऊन दारोदार फिरतोय त्याचं काय, हे कुणी विचारलंच नाही. शेरा काय तर 'टाचण अद्ययावत ठेवावे'. माझं म्हणणं, शेरेबुकात शिक्षकाकडं बाहेरची कामं किती हे लिहायची सक्ती करा.

बंडूचे_बाबा: तपासणी पोरांसाठी असते सर. चौथीतल्या पोराला हातच्याची बेरीज येईना आणि तुम्हाला सातव्या वेतन आयोगात ताण येतोय होय?

गुरुजी_माणदेश: हातचा शिकवायला मास्तर वर्गात तरी असू द्या की!

रेडिंगकर_ताई: मी इंग्लंडात शाळेत काम करते. ऑफस्टेड म्हणजे इथली शाळा तपासणारी सरकारी संस्था, तिच्या 2019 च्या चौकटीत शिक्षकांवरचा कामाचा भार बघायचं लिहिलेलंच होतं. तरी आमच्याच गावच्या हेडटीचर रूथ पेरी, नोव्हेंबर 2022 ला तपासणी झाली आणि जानेवारीत त्यांनी जीव दिला. त्यात तपासणीचाही वाटा होता असं कॉरोनरनं नोंदवलं. मग कुठे सप्टेंबर 2024 पासून एका शब्दात अख्ख्या शाळेचा निकाल लावणं बंद झालं. त्यामुळे नुसत्या रकान्यावर माझा तरी भरवसा नाही.

निवृत्त_केंद्रप्रमुख: ताई बरोबर. आणि गुरुजी, आम्ही शेरा लिहिणार शिक्षण खात्याच्या वहीत, बीएलओची ऑर्डर निघते तहसीलातून. शिक्षकाला शिकवण्याबाहेरची कामं देऊ नयेत म्हणणारं शिक्षण हक्क कायद्याचं (आरटीई) कलम 27 दाखवाल तर त्यात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक या कामांना सूटच आहे, भांडणार कुठं?

खडू_फळा: रकाना नकोच बाबांनो. स्क्वाफची, म्हणजे शाळेची गुणवत्ता मोजायच्या सरकारी चौकटीची, 128 मानकं भरताना पुराव्याच्या लिंका जोडून जोडून बोटं झिजली. आता 129वं येईल, 'शिक्षक आनंदी आहे का', सोबत जिओटॅगवाला हसरा फोटो जोडा 😂

गुरुजी_माणदेश: म्हणून तर म्हणतोय, आम्ही काहीच भरायचं नाही. साहेबांनी स्वतः लिहायचं आणि प्रत तहसीलदारांना.

बंडूचे_बाबा: प्रत खरंच जाणार असेल तर मी पण सही करतो. पण त्याच पानावर किती पोरांना वाचता येतं ते पण लिहा, आणि व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवा, चहा पाजून सह्या घेऊ नका.

खडू_फळा: चहा पण आमच्याच खिशातून असतो साहेब.