निवडून आल्यावर पक्षच बदलणार असतील, तर मत नेमके कशाला द्यायचे?

प्रश्न: कृष्णाकाठ (सातारा)

2019 च्या विधानसभा निवडणुकीत भाजप आणि शिवसेना यांनी एकत्र मते मागितली आणि त्यांना अनुक्रमे 105 व 56 जागा मिळाल्या. विरोधात लढलेल्या राष्ट्रवादीला 54 आणि काँग्रेसला 44 जागा मिळाल्या. म्हणजे मतदाराने आपले काम चोख केले होते. कौल स्पष्ट होता. त्यानंतर 23 नोव्हेंबरचा पहाटेचा शपथविधी झाला, 28 नोव्हेंबरला शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांच्या महाविकास आघाडीचे सरकार आले, जून 2022 मध्ये शिवसेनेचे फुटलेले आमदार सुरत आणि गुवाहाटीला गेले आणि जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादीही दुभंगली. एकाच विधानसभेच्या मुदतीत चारही मोठे पक्ष कधी ना कधी सत्तेत बसले आणि चारही पक्षांतील कोणी ना कोणी विरोधातही बसले. ज्यांना नको म्हणून मी एका उमेदवाराला मत दिले, त्यांच्याच मांडीला मांडी लावून तो बसला आणि मला विचारण्याची गरज कोणालाही वाटली नाही.

या फाटाफुटीची झळ मतदानयंत्रापर्यंत पोहोचली. 2024 च्या लोकसभेला आमच्या साताऱ्यात ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे शरद पवार गटाचे नवे चिन्ह होते आणि एका अपक्षाला ज्याला लोक पिपाणी म्हणतात ते ‘तुतारी’ चिन्ह मिळाले होते. त्या अपक्षाला 37 हजारांहून अधिक मते पडली आणि शरद पवार गटाचा उमेदवार सुमारे 33 हजार मतांनी हरला. त्यातली किती मते चिन्हाच्या गोंधळामुळे गेली हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, पण आमच्या गल्लीतील वयस्कर माणसे मतदान करून आल्यावर एकमेकांना ‘तू कुठलं बटण दाबलंस’ असे विचारत होती, हे मी स्वतः ऐकले आहे.

मी मतदान टाळणारा माणूस नाही. परंतु निवडून गेलेल्या प्रतिनिधीवर मतदाराचा काही कायदेशीर धाक उरला आहे का, आणि उरला नसेल तर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ (‘नोटा’) हे बटण दाबण्यात काही अर्थ आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: वकिलीचा व्यवसाय (मुंबई)

कायदेशीर धाक कागदावर आहे, व्यवहारात नाही, असे मला खेदाने म्हणावे लागते. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दहावे परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आले. एक तृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’ मानून अभय मिळत असे; ती पळवाट 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने बंद केली. परंतु परिशिष्टातला चौथा परिच्छेद राहिला. विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश सदस्यांनी विलीनीकरण मान्य केले, तर ते अपात्र ठरत नाहीत. एकट्याने उडी मारली तर तो गुन्हा आणि घाऊक उडी मारली तर ते विलीनीकरण, अशी ही तरतूद आहे.

महाराष्ट्रात मात्र याही वाटेने कोणी गेले नाही. ‘आम्ही पक्ष सोडलाच नाही, मूळ पक्ष आम्हीच’ असा दावा करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 च्या निकालात दोन गोष्टी स्पष्ट केल्या: प्रतोद (सभागृहात पक्षाचा आदेश बजावणारा सदस्य) नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे आणि राज्यपालांनी बहुमत चाचणीचा दिलेला आदेश समर्थनीय नव्हता. तरीही तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे जुने सरकार परत आणता येणार नाही, असेही न्यायालयाने सांगितले. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे गेला आणि 10 जानेवारी 2024 रोजी त्यांनी शिवसेनेच्या दोन्ही गटांतील एकाही आमदाराला अपात्र ठरवले नाही. बंड घडले जून 2022 मध्ये. पहिला निर्णय आला दीड वर्षाने. विधानसभेचा अध्यक्ष हा बहुमतातून निवडला जातो आणि फुटलेल्यांमुळेच ते बहुमत तयार झालेले असते, तेव्हा निवाडा त्याच्याच हाती ठेवणे हा या कायद्याचा मूळ दोष आहे, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर: मांडवी (पणजी)

वकीलसाहेबांनी सांगितलेल्या चौथ्या परिच्छेदाचे गणित आम्ही गोंयकार दोनदा भोगून बसलो आहोत. जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदार भाजपमध्ये गेले. बरोबर दोन तृतीयांश, एकही कमी नाही. सभापतींनी त्यांना अपात्र ठरवले नाही आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही फेब्रुवारी 2022 मध्ये तो निर्णय कायम ठेवला.

त्याच वर्षी जानेवारीत काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रूस आणि बेतीचा दर्गा या तीन ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. निवडून आले 11. सप्टेंबर 2022 मध्ये त्यातले 8 भाजपमध्ये दाखल झाले. 11 चे दोन तृतीयांश म्हणजे सात आणि काही अंश, म्हणून आठ. देवासमोर घेतलेली आण टिकली नाही आणि परिशिष्टातले गणित मात्र काटेकोर पाळले गेले, याचे दुःख आमच्याकडच्या माणसाला फार खोलवर आहे. जे पक्ष सोडून गेले त्यांच्यावर राग आहे, ज्यांनी घेतले त्यांच्यावर आहे आणि वारंवार अशीच माणसे तिकिटासाठी निवडणाऱ्या पक्षावरही आहे.

उत्तर: खडू-फळा (लातूर)

‘नोटा’विषयी मी लिहितो, कारण शिक्षक म्हणून निवडणुकीचे काम आम्हाला चुकत नाही. मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेतले जाते. त्यात ‘नोटा’सह प्रत्येक बटण दाबून पाहतात, किमान 50 मते नोंदवतात, यंत्रातील मोजणी चिठ्ठ्यांशी ताडून पाहतात आणि मगच यंत्र कोरे करून सील करतात. त्या तपासणीत ‘नोटा’चे बटण इतर बटणांच्या बरोबरीचे असते. निकाल लावताना मात्र ते बरोबरीचे राहत नाही.

2013 पूर्वी कोणालाच मत द्यायचे नसेल, तर नियम 49-ओ प्रमाणे केंद्राध्यक्षाला तसे सांगावे लागे. मतदारांच्या 17-अ नोंदवहीत शेरा पडे आणि मतदाराची सही किंवा अंगठा घेतला जाई. सगळ्या गावासमोर नकार नोंदवणे सोपे नसते. सप्टेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मताची गुप्तता नकारालाही लागू केली आणि हे बटण आले. 2019 मध्ये आमच्या लातूर ग्रामीण मतदारसंघात 27,500 मतदारांनी ते दाबले आणि ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर आले. निकालावर त्याचा परिणाम शून्य. इतकेच काय, अनामत जप्त करताना एकूण वैध मतांत ‘नोटा’ धरतच नाहीत. 2024 मध्ये इंदूरला काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतल्यावर दोन लाखांहून अधिक मते ‘नोटा’ला पडली, तरी तिथला विजयी उमेदवार विजयीच राहिला.

एक तरतूद मात्र लोकांना फारशी ठाऊक नसते. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता असा आदेश काढला की, ‘नोटा’ला सर्वाधिक मते मिळाली तर तिथे फेरनिवडणूक घ्यावी. फेरनिवडणुकीतही तसेच झाले, तर उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळालेल्यास विजयी घोषित करतात. म्हणजे प्रभागात आणि गावात या बटणाला थोडा तरी दात आहे. विधानसभेला नाही.

उत्तर: सतरंजी (ठाणे)

मी वीस-बावीस वर्षे एका पक्षाचा कार्यकर्ता आहे. कोणता ते सांगण्याने चर्चेत भर पडणार नाही. मतदारांचा भ्रमनिरास सगळ्यांना दिसतो. आमचा कोणी विचारात घेत नाही. रात्री दोन वाजता कोणाच्या वडिलांना रुग्णालयात खाट मिळवून द्यायची असते, कोणाचे रेशनकार्ड अडलेले असते, तेव्हा धावणारा आमच्यासारखाच असतो. परंतु उमेदवार ठरवताना आम्हाला कोणीही विचारत नाही. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी, मुदत संपायला तासभर उरला असताना, एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे पत्र) कोणाच्या खिशातून निघतो ते आम्हाला आणि मतदाराला एकाच वेळी कळते. ज्याच्या विरोधात पाच वर्षे घसा कोरडा केला, तोच आमचा उमेदवार म्हणून समोर उभा राहतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचीच पत्रके वाटायची असतात.

म्हणून माझे म्हणणे इतरांपेक्षा थोडे वेगळे आहे. पक्षांतर हा शेवटचा टप्पा आहे. खरा बिघाड उमेदवारीच्या वेळी झालेला असतो. ज्याला पक्षाच्या सभासदांनी निवडलेले नाही, त्याला सभासदांची भीती वाटण्याचे कारण काय? आपल्याकडे पक्षांतर्गत निवडणुका कागदोपत्री होतात आणि त्या न घेतल्याबद्दल पक्षाची नोंदणी रद्द करण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला नाही. वर 2022 पासून कितीतरी महापालिकांवर वर्षानुवर्षे प्रशासक राहिला. नव्या कार्यकर्त्याला वर येण्याची पहिली पायरी नगरसेवकपदाची. तीच इतका काळ काढून घेतली होती. घराण्याबाहेरचा माणूस पुढे येणार कुठून?

प्रतिसाद: कृष्णाकाठ

सर्वांनी मनापासून लिहिलेत, आभारी आहे. सतरंजी यांनी दाखवलेली बाजू माझ्या लक्षात नव्हती. मांडवी यांचे वाचून वाटते की, उमेदवाराकडून लेखी हमी घेण्याचा माझा विचारही फोल ठरेल. पण मग साताऱ्यातच 2019 साली जे घडले, तो मार्ग सर्वांवर बंधनकारक का करता येत नाही?

उत्तर: वकिलीचा व्यवसाय (मुंबई)

योग्य ठिकाणी बोट ठेवलेत. इतरांसाठी सांगतो: उदयनराजे भोसले मे 2019 मध्ये राष्ट्रवादीकडून खासदार झाले, सप्टेंबरमध्ये त्यांनी खासदारकीचा राजीनामा देऊन भाजपमध्ये प्रवेश केला आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत साताऱ्याने श्रीनिवास पाटील यांना निवडून दिले. 2024 मध्ये त्याच मतदारांनी उदयनराजेंना पुन्हा लोकसभेत पाठवले. दोन्ही वेळा निर्णय मतदाराचा होता, म्हणून दोन्ही निर्णयांचा मान राखता येतो. कर्नाटकात डिसेंबर 2019 मध्ये 15 पोटनिवडणुका झाल्या तेव्हा पक्ष बदललेले बहुतेक उमेदवार लोकांनीच परत निवडून दिले, हेही नजरेआड करता कामा नये. राजीनामा सक्तीचा केला की पक्षांतर थांबेल, असा माझा दावा नाही. माझा आग्रह एवढाच आहे की, पक्ष बदलणाऱ्याने नवी सनद मतदाराकडून घ्यावी, अध्यक्षांकडून नव्हे.

ही सूचना नवी नाही. विधी आयोगाने 1999 च्या 170 व्या अहवालात फूट आणि विलीनीकरण या दोन्ही सवलती काढून टाकण्यास सांगितले होते आणि न्या. वेंकटचलय्या आयोगाने 2002 मध्ये पक्ष सोडणाऱ्या प्रत्येकाने, एकटा असो वा समूहाने, राजीनामा देऊन पुन्हा निवडणूक लढवावी अशी शिफारस केली. संसदेने त्यातली अर्धी स्वीकारली. उरलेल्या अर्ध्यासाठी, म्हणजे चौथा परिच्छेद वगळण्यासाठी, घटनादुरुस्ती लागेल. पुढच्या वेळी मते मागायला येणाऱ्या लोकसभेच्या उमेदवाराला ‘तुम्ही त्या दुरुस्तीच्या बाजूने मत द्याल का’ हा एक प्रश्न चारचौघांत विचारा आणि त्याचे उत्तर ध्वनिमुद्रित करून ठेवा.