मदत हवी आहे: रब-साइन उमटत नाही, स्टिकर बदलू का?

मंडळी, माझ्याकडच्या जुन्या ट्रान्सफॉर्मर (रोबोट बनणाऱ्या खेळण्यातल्या) गाडीवरचं रब-साइन आता उमटतच नाही. १९८५ पासूनच्या खेळण्यांवरचा तो उष्णतेला प्रतिसाद देणारा काळा चौकोन, बोटाने घासला की ऑटोबॉट (चांगले रोबोट) किंवा डिसेप्टिकॉन (त्यांचे शत्रू) या गटाचं चेहऱ्यासारखं चिन्ह दाखवणारा. कथेत दोन्ही गट वेषांतर करून वावरतात, त्यामुळे समोरचा कुणाच्या बाजूचा हे घासल्याशिवाय कळू नये, ही कल्पना मला फार आवडते. नुसतं छापलेलं लाल किंवा जांभळं चिन्ह (सुंदर असलं तरी) ती गंमत देत नाही.

तर मूळ स्टिकर तसाच ठेवावा की नवा लावावा? प्लास्टिक खराब न होता जुना गोंद कसा काढायचा? हेअर ड्रायरची ऊब चालेल का? नव्या स्टिकरवर चिन्ह नीट उमटतं का, हे लावून पाहिलेल्यांनी जरूर सांगा.