डोळा डावा आणि हात उजवा : नेमबाजीत हात बदलायला लावावा का?

माजिवडेकर

गेल्या रविवारी घोडबंदर रोडवर आमच्या रेंजवर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा एअर पिस्तूल शिकायला आला. पहिल्या दहा मिनिटांत त्याच्या डोळ्यांची चाचणी झाली. दोन्ही हात समोर ताणून तळव्यांच्या मधे छोटीशी खिडकी करायची, तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि मग एकेक डोळा मिटायचा. याचा उजवा डोळा मिटला तरी घड्याळ खिडकीतच होतं. डावा मिटला की गायब. म्हणजे डावा डोळा डॉमिनंट, मेंदू नेम धरताना त्याच्यावर भिस्त ठेवतो. मुलगा लिहितो, जेवतो, बॉल टाकतो सगळं उजव्या हातानं. तरी लगेच हुकूम सुटला, 'आजपासून पिस्तूल डाव्या हातात.' पोरगा काही बोलला नाही. एअर पिस्तूल एकाच हाताने धरायचं असतं. त्याने ते डाव्या हातात घेतलं, आणि प्रत्येक वेळी उजवा हात आपोआप आधाराला पुढे यायचा. तीन-चार वेळा त्याने तो मागे घेतला, शेवटी खिशात घालून ठेवला.

मला ते बघवलं नाही, कारण हे सगळं मी भोगलंय. वयाच्या ३६व्या वर्षी मी पिस्तूल सुरू केलं, तेही दुसऱ्या एका ठिकाणी. माझाही हात उजवा, डोळा डावा. पहिल्याच आठवड्यात हात बदलायला लावला. चौदा महिने मी मनापासून केलं. रोज रात्री जेवणं झाली की हॉलच्या भिंतीवर कोरा कागद चिकटवून ड्राय फायरिंग, म्हणजे छर्रा न भरता नुसता ट्रिगर ओढायचा सराव. डाव्या तर्जनीने ट्रिगर ओढला की बाकीची तीन बोटंही तिच्याबरोबर आवळली जायची, लिंबू पिळावं तशी. फ्रंट साइट (नळीच्या टोकाकडची नेम धरायची खूण) खाली उजवीकडे बुडायची. डोळ्याला सगळं लख्ख दिसत होतं, ती बुडतानासुद्धा लख्ख दिसायची! ६० शॉटमध्ये ६००पैकी ५०० पार झालं नाही. मग परत उजव्या हातावर आलो, चष्म्याच्या डाव्या काचेवर धुरकट टेप लावली आणि उजव्या डोळ्याने नेम धरायला लागलो. पाच महिन्यांत ५३०.

हिशेब साधा आहे. पिस्तुलाच्या दोन साइट्समधे अंतर साधारण फूटभर. फ्रंट साइट नुसती एक मिलिमीटर हलली तर १० मीटरवर शॉट तीन सेंटिमीटर लांब जातो. दहा गुणांचं मधलं वर्तुळच मुळी ११.५ मिलिमीटरचं. तो एक मिलिमीटर डोळ्यामुळे हलत नाही, बोटामुळे हलतो. डोळ्यावर पट्टी लावता येते, बोटाला काय लावणार?

पिस्तुलात तरी केवळ एका चाचणीवर हात बदलायला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांचा अनुभव वेगळा आहे त्यांनी जरूर लिहा.

नेरुळची आई

दादा, तुमचे चौदा महिने गेले याचं वाईट वाटलं. पण माझा अनुभव नेमका उलट आहे.

१ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमधे स्वप्नील कुसाळेचं पदक आलं आणि माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने हट्टच धरला, रायफल शिकायची. हात उजवा, डोळा डावा. तिच्या सरांनी मला दोन्ही पर्याय समजावले. उजव्या हाताची सवय आहे, तीच राहू दे असं मीच म्हणाले, आणि डाव्या डोळ्यावर ब्लाइंडर (डोळा झाकणारी पट्टी) लावून सहा महिने काढले. ती सारखी सांगायची, 'आई, बघता बघता गोल मधेच पुसट होतो गं.' मला वाटायचं कंटाळा आलाय. नंतर समजलं की डावा डोळा झाकलेला असूनही मधूनमधून पुढे येत होता आणि समोरचं चित्र फिकं पडत होतं.

पिस्तुलात मान थोडी वळवली की दुसरा डोळा साइटमागे येतो. रायफलमधे गाल लाकडाला टेकलेला असतो, डोळा जिथे आहे तिथेच अडकतो. आणि एअर रायफलचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका! आमच्या शेजारच्या पनवेलच्या सुमा शिरूर यांनी २००४मधे ४००पैकी ४०० केले होते, म्हणजे ४० शॉट, सगळे त्या ठिपक्यावर. तिथे पुसट गोल चालेल कसा?

शेवटी खांदा बदलला. पहिला महिना फार वाईट गेला. जॅकेट उजव्या हाताचं, बटणं भलत्या बाजूला, क्लबच्या रायफलींचे चीकपीस (गाल टेकवायचे भाग) उजवे. रात्री गाल लाल करून घरी यायची आणि गप्प जेवायची. आता आठ महिने झाले. परवा मी विचारलं, अजून अवघड जातं का? तर म्हणाली, 'काय अवघड?' मला एकाच गोष्टीची खंत आहे, सहा महिने उशीर केला त्याची.

रेंजवरचा काका

मी नेरुळच्या ताईंच्या बाजूने आहे, आणि पिस्तुलाच्या बाबतीतही.

माजिवडेकर, तुम्ही छत्तिशीत हात बदललात. तो मुलगा बारा वर्षांचा आहे. पेन, चमचा, बॉल यांची सवय उजव्या हाताला आहे, पण ट्रिगरची सवय त्याच्या कुठल्याच हाताला नाही. दोन्ही पाट्या कोऱ्या आहेत. मग डोळ्याच्या बाजूची पाटी का घेऊ नये? आपला सचिन लिहितो डाव्या हाताने आणि बॅटिंग केली उजव्या हाताने. गांगुली बरोबर त्याच्या उलट. तिरंदाजी शिकवतानासुद्धा बरेच जण आधी डोळा बघतात आणि मग धनुष्य कुठल्या हातात द्यायचं ते ठरवतात.

हंगेरीच्या कारोली टाकाच यांचं उदाहरण घ्या. लष्करात होते. १९३८मधे हातबॉम्ब फुटून उजवा हात निकामी झाला. डाव्या हाताने पहिल्यापासून शिकले आणि १९४८ला लंडनमधे, १९५२ला हेलसिंकीत रॅपिड फायर पिस्तूलमधे ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. पहिल्या सुवर्णाच्या वेळी वय ३८. हात शिकतो. डोळ्याचा वरचष्मा मेंदूत असतो, तो शिकवून सहसा बदलत नाही.

टेपबद्दल म्हणाल तर सरावात छान चालते. स्पर्धेत सव्वा तास उभं राहून शेवटच्या दहा शॉटला डोळे शिणतात, तेव्हा दबलेला डोळा डोकं वर काढतो. पोरांना बाहेर येऊन 'सर, दोन साइट दिसायला लागल्या' म्हणून रडताना मी पाहिलंय.

माजिवडेकर

काका, टाकाच यांच्याबद्दल मलाही आदर आहे. पण त्यांना दुसरा हातच उरला नव्हता. या मुलाचा उजवा हात धडधाकट आहे आणि तो सारखा पुढे येतोय. सचिनने कुठल्या हाताने खेळायचं हे कुणी चाचणी घेऊन ठरवलं नव्हतं, त्याने स्वतः बॅट तशी उचलली असणार.

ताई, रायफलबद्दल तुमचं म्हणणं पटलं. गालाचा मुद्दा मी धरलाच नव्हता. माझं मत पिस्तुलापुरतंच समजा.

दृष्टी, ऐरोली

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. हात कुठला हे तुम्ही ठरवा, पण त्याआधीच्या चाचणीबद्दल मला बोलायलाच हवं.

डॉमिनंट डोळा आणि चांगलं दिसणारा डोळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जास्त स्पष्ट दिसणारा डोळा दबलेला असू शकतो. पण मुलाच्या एका डोळ्याला नंबर असेल आणि चष्माच नसेल, तर मेंदू दुसऱ्या डोळ्यावर भिस्त ठेवतो आणि चाचणी तोच डोळा दाखवते. चष्मा लावून महिन्याभराने तीच चाचणी घेतली तर उत्तर बदलूही शकतं. आणि एक डोळा लहानपणापासून आळशी असेल तर प्रश्नच वेगळा, तिथे चांगल्या डोळ्याच्या बाजूला जाणंच शहाणपणाचं. म्हणून आधी डोळे तपासा, मग रेंजवर जा. आपल्याकडे कितीतरी मुलांचे डोळे पहिल्यांदा तपासले जातात ते फळ्यावरचं दिसेना झाल्यावर.

दुसरं म्हणजे सगळ्यांचा कल सारखा ठाम नसतो. काहींचा इतका थोडा असतो की नजर उजवीकडे वळली की उजवा डोळा पुढे, डावीकडे वळली की डावा. एका हाताचा अंगठा धरून चाचणी घेतली तर तो हातच त्याच्या बाजूला ओढतो. खिडकीची चाचणी बरी, पण तीही दोन-तीन वेगळ्या दिवशी, जवळच्या आणि लांबच्या वस्तूवर घ्यावी. एका घड्याळावर मुलाचं सगळं ठरवू नका.

टेपबद्दल एक. काळी पट्टी लावू नका. एका डोळ्यापुढे अंधार झाला की दोन्ही बाहुल्या मोठ्या होतात, आणि नेम धरणाऱ्या डोळ्याला साइट आणि टार्गेट दोन्ही नीट दिसणं अवघड होतं. पांढरी, उजेड आत येऊ देणारी पट्टी हवी. नियमातही ३० मिलिमीटरपर्यंतची चालते. आणि एक डोळा गच्च मिटून तर मुळीच नको. सगळा चेहरा आवळला जातो.

तेजस खारघर

पॅरिसला मिक्स्ड टीम एअर पिस्तूलमधे रौप्य मिळवणारा तुर्कीचा युसुफ दिकेच दोन्ही डोळे उघडे ठेवून खेळला. टेप नाही, ब्लाइंडर नाही, खास चष्मा नाही. मग दोन्ही डोळे उघडे ठेवायलाच का शिकवत नाहीत?

दृष्टी, ऐरोली

तेजस, डोळे उघडे असले तरी नेम एकाच डोळ्याच्या चित्रावर लागतो. दुसऱ्याचं चित्र मेंदू बाजूला सारतो. ज्याचा हात आणि डोळा एकाच बाजूचा आहे त्याला हे सोपं जातं. उलट असेल तर डोळे उघडल्यावर मेंदू नको ते चित्र उचलतो. आपली सगळी चर्चा नेमकी इथेच आहे.

कळव्याची डावखुरी

मला नेमबाजीतलं काही कळत नाही. धागा वाचला आणि त्या मुलाच्या खिशातल्या हातापाशी थांबले.

मी जन्मतः डावखुरी. पहिलीत बाई डाव्या हातातून पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायच्या. घरी आजी प्रसाद घेताना डावा हात पुढे आला की त्यावर चापट मारायची. उजव्या हाताने लिहायला शिकले, अक्षरही बरं आहे. पण अजून घाईत सही करताना पेन डाव्या हातात जातं आणि मी ते परत उजव्यात घेते. तेवढ्या क्षणात मी सहा वर्षांची असते.

काका म्हणतात तशी हाताची पाटी कोरी असते, हे मला पटत नाही. हात आधीच बरंच काही ठरवून आलेला असतो. त्या मुलाला कुणी विचारलं का, की तुला काय वाटतं?

रेंजवरचा काका

ताई, तुमच्यावर झाला तो अन्याय होता. तेव्हा हात बदलायला लावण्यामागे हाताचा काही फायदाच नव्हता, नुसता समज होता. इथे कारण आहे. पण विचारायला हवं हे खरं. आम्ही रेंजवरची माणसं विचारत नाही. वेळ कमी, पोरं जास्त, पिस्तुलं मोजकी. मी स्वतः कितीतरी जणांना न विचारता डाव्या हातात दिलंय.

नेरुळची आई

खांदा बदलायच्या आधी माझ्या मुलीला सरांनी विचारलं होतं. दोन्ही खांद्यांवरून दहा-दहा शॉट मारायला दिले आणि कागद तिच्यासमोर ठेवले. डाव्या खांद्याचे छेद जास्त पसरले होते. तरी तिने डावाच निवडला. का, तर म्हणे, 'इकडे गोल जात नाही.' कागद बघून मी उजवा म्हटलं असतं. तिने काय दिसतंय ते बघून ठरवलं.

माजिवडेकर

आज रविवार, नुकताच रेंजवरून आलोय. नेरुळच्या ताईंनी लिहिलंय तसंच करून पाहिलं. सरांशी बोललो, मुलाच्या वडिलांशीही. दृष्टीताईंचं म्हणणं त्यांना दाखवलं. ते याच आठवड्यात डोळे तपासून घेणार आहेत. मग मुलाला दोन्ही हातांनी वीस-वीस शॉट दिले, उजव्या हाताच्या वेळी डाव्या डोळ्यापुढे पांढरी पट्टी लावून.

उजव्या हाताचे छेद बशीएवढ्या जागेत, डाव्याचे कागदभर. मला वाटलं झालं, आपलं खरं ठरलं. त्याला विचारलं, तुला काय हवं? तो बराच वेळ दोन्ही कागद बघत राहिला. म्हणाला, 'काका, पट्टी लावली की मला कुणीतरी डोळ्यावर हात ठेवल्यासारखं वाटतं. मी डाव्यानेच करून बघतो. नाही जमलं तर परत येतो.'

मत माझं तेच आहे. पिस्तुलात बोट आधी, डोळा नंतर. पण हात त्याचा आहे आणि ठरवलं त्याने. माझ्या त्या चौदा महिन्यांची डाव्या हाताची लाकडी ग्रिप (मूठ) कपाटात पडून आहे, रेंजवरच्या पिस्तुलाला ती बसते. पुढच्या रविवारी त्याला देणार आहे.

रेंजवरचा काका

जरूर द्या. फक्त तुमच्या हाताची ग्रिप त्याला मोठी होईल. तळव्याखालची पट्टी आधी वर सरकवून बघा. अंगठ्याकडे सैल राहिलं तर लाकडाची पुट्टी भरा आणि रात्रभर वाळू द्या. मग त्याला समोर बसवूनच पॉलिश पेपरने घासा. पाच-दहा मिनिटं घासलं की एकदा हातात देऊन बघायचं. तो बसली म्हणाला की थांबायचं.