खाली टाकलेली वस्तू उचलून द्यावी का?
बाळ मुद्दाम वस्तू टाकतं तेव्हा ती उचलून देऊ नये, नाहीतर ते शेफारतं, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९३१ साली जन्मलेल्या आपल्या मुलाच्या, लोराँच्या, खेळाच्या बारीक नोंदी ठेवल्या होत्या. दहा महिन्यांचा लोराँ हाताची जागा बदलून बदलून खेळणी खाली सोडायचा आणि ती पडताना बघायचा. हा प्रयोगच की!

आमची लेकही याच वयाची आहे. वाटी पडली की खणखणाट ऐकून खूश होते. लंगोट टाकला की आवाज का नाही आला म्हणून वाकून बघते. मी दोन्ही परत देतो. स्टील, लाकूड, कापड असं वेगवेगळं हाताशी ठेवा; काच आणि तोंडात जाईल असं बारीकसारीक मात्र अजिबात नको.